डॉक्टर, मिडवाइफ की डूला? बाळंतपणात सोबत कोण हवं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी स्वतःची दोन बाळंतपणं झालीयेत आणि नंतर मी डूलाचं ट्रेनिंग घेतलं, आता तेच काम करते. म्हणजे माझा कल कुठे असणार ते आधीच सांगून टाकलेलं बरं. तरी खाली जे लिहिलंय त्यात डूला म्हणजेच सगळं असं कुठेही म्हटलेलं नाहीये, कारण तसं ते नाहीच. रोज जे प्रश्न येतात तेच इथे घेतलेत, ज्या क्रमाने येतात साधारण त्याच क्रमाने.

डॉक्टर, मिडवाइफ आणि डूला यांच्यात नेमका फरक काय?

डॉक्टर म्हणजे इथे स्त्रीरोगतज्ज्ञ, ज्यांनी प्रसूतिशास्त्राचं शिक्षण घेतलंय. नॉर्मल डिलिव्हरी तर ते करतातच, पण जे फक्त त्यांनाच जमतं ते म्हणजे बिघडलेलं सावरणं. सिझर, फॉर्सेप्स (चिमट्याने) किंवा व्हॅक्यूम (कप लावून) बाळ ओढून घेणं, खोलवर गेलेली चीर शिवणं, वार आत अडकली तर ती काढणं, बीपी किंवा शुगर हाताबाहेर जायला लागली तर औषधांचे निर्णय, हे सगळं त्यांचं.

मिडवाइफ ही नॉर्मल बाळंतपणाची तज्ज्ञ. रीतसर शिकलेली, परवाना असलेली. ती तपासते, बाळाचे ठोके ऐकते, बीपी बघते, गर्भाशयाचं तोंड किती उघडलंय ते बघते, बाळ बाहेर घेते, नंतर आईला आणि बाळाला सांभाळते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुठे थांबून डॉक्टरांना बोलवायचं हे तिला माहीत असतं. नॉर्मलची हद्द कुठे संपते हे ओळखणं हा तिच्या शिक्षणाचाच मोठा भाग आहे.

डूला वैद्यकीय काहीही करत नाही. काहीही म्हणजे काहीही. तपासणी नाही, इंजेक्शन नाही, ठोके ऐकणं नाही, बाळ घेणं नाही. ती तुमच्यासोबत असते, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एवढंच तिचं काम आणि ते एवढंसं नाहीये, त्याबद्दल खाली सविस्तर येईलच.

मग तिघांपैकी एक निवडायचं कसं?

लोक हा प्रश्न असा विचारतात की जणू तीन जणांनी एकाच नोकरीला अर्ज केलाय आणि आपण एकाला घेऊन बाकी दोघांना परत पाठवायचंय. खरं तर दोन वेगवेगळे प्रश्न आहेत. पहिला, तुमची आणि बाळाची वैद्यकीय जबाबदारी कोणाकडे? याचं उत्तर डॉक्टर किंवा मिडवाइफ किंवा दोघं मिळून, पण यातलं कोणीतरी हवंच हवं. दुसरा प्रश्न, कळा सुरू झाल्यापासून बाळ हातात येईपर्यंत तुमच्या उशाशी कोण बसणार? याचं उत्तर डूला असू शकतं, नवरा असू शकतो, बहीण, आई, मैत्रीण कोणीही असू शकतं, कधीकधी मिडवाइफसुद्धा. हे दोन प्रश्न वेगळे केले की अर्धा गोंधळ तिथेच संपतो.

माझे डॉक्टर खूप चांगले आहेत, ते असतील ना सोबत?

असतील, पण कधी असतील हे त्यांनाच विचारा, आजच विचारा. माझ्या पहिल्या बाळंतपणात मी हे विचारलं नव्हतं. नऊ महिने दर तपासणीला ज्या डॉक्टरांशी बोलले त्याच खोलीत असतील असं मी धरूनच चालले होते, आणि प्रत्यक्षात काय झालं तर मी रात्री दाखल झाले, त्या दोनदा येऊन तपासून गेल्या आणि मग थेट शेवटच्या वीसेक मिनिटांत आल्या. मधल्या वेळात नर्सची ड्युटी दोनदा बदलली, दर वेळी नवीन चेहरा, दर वेळी माझं नाव, कितवा महिना, पाणी गेलंय का हे पहिल्यापासून सांगायचं. डॉक्टरांनी काही चुकीचं केलं असं मी म्हणत नाहीये, त्यांच्याकडे त्या रात्री अजून पेशंट होते आणि एक सिझर पण होतं. पण मला हे आधी कोणी सांगितलंच नव्हतं, आणि अंधारात एकटं पडून राहण्याची ती भीती कळांपेक्षा जास्त लक्षात राहिली.

बहुतेक ठिकाणी डॉक्टर असेच काम करतात. पहिलटकरणीच्या कळा सुरुवातीपासून धरल्या तर पूर्ण दिवससुद्धा चालू शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तोंड ५ सेंटीमीटर उघडलं की जोरदार टप्पा सुरू झाला असं धरतात, आणि त्यानंतरही पहिल्या वेळी साधारण १२ तासांपर्यंत आणि पुढच्या वेळी १० तासांपर्यंत लागणं हे नॉर्मलमध्येच येतं. ५ च्या आधीचा जो रेंगाळणारा टप्पा असतो त्याला तर ठरलेला वेळच नाही. इतके तास कुठलाही डॉक्टर एका पेशंटजवळ बसून राहू शकत नाही, आणि बसायची वैद्यकीय गरजही नसते.

सुईण आणि मिडवाइफ एकच ना?

शब्द म्हणून हो, डिक्शनरीत बघितलं तर मिडवाइफचा अर्थ सुईणच दिसेल. पण बोलताना सुईण म्हटलं की पिढ्यानपिढ्या बघून बघून शिकलेली अनुभवी बाई डोळ्यांसमोर येते, आणि मिडवाइफ म्हणजे आज ज्यांनी काही वर्षांचं ठरलेलं शिक्षण घेतलंय, परीक्षा दिलीये आणि नोंदणी केलीये त्या. मिडवाइफच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने या शिक्षणाची किमान पातळी ठरवून दिलेली आहे. जुन्या सुईणींच्या हातात गुण होता यात शंका नाही, पण रक्तस्राव सुरू झाल्यावर द्यायचं इंजेक्शन, न रडलेल्या बाळाला श्वास द्यायची पिशवी, आणि वेळेत पुढे पाठवायची सोय हे सगळं शिक्षणातून आणि व्यवस्थेतून येतं. म्हणून कोणी स्वतःला मिडवाइफ म्हणवत असेल तर नोंदणी कुठली, शिक्षण कुठलं हे विचारायला अजिबात लाजू नका. देशादेशात नियम वेगळे आहेत, काही ठिकाणी बहुतेक नॉर्मल बाळंतपणं मिडवाइफच करतात आणि काही ठिकाणी हा पेशाच अजून नीट उभा राहिलेला नाहीये.

मिडवाइफकडे गेलं तर डॉक्टरांपेक्षा कमी काळजी मिळते का?

तुमची प्रेग्नन्सी नॉर्मल चालली असेल तर नाही. वेगवेगळ्या चाचण्या (म्हणजे दोन गटांची तुलना करणारे अभ्यास) एकत्र करून बघणारी जी कॉक्रेन संस्था आहे तिने २०१६ मध्ये १५ चाचण्या आणि १७,६७४ बायकांची माहिती एकत्र मांडली होती. ज्यांना पहिल्या महिन्यांपासून बाळंतपणापर्यंत त्याच मिडवाइफ किंवा त्यांची छोटी टीम बघत होती, त्यांच्यात एपिड्यूरल (कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीत देतात ते भुलीचं औषध), बाळ यायला जागा व्हावी म्हणून दिलेली खालची चीर आणि फॉर्सेप्स-व्हॅक्यूम या सगळ्याचं प्रमाण कमी होतं, दिवस भरायच्या आत बाळ होण्याचं प्रमाणसुद्धा कमी होतं. सिझरमध्ये मात्र फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं, कारण मिडवाइफ घेतली की सिझर टळतं असं बरेच जण ठामपणे सांगतात.

यातला मुद्दा 'त्याच' या शब्दात आहे. तपासणीला एक, बाळंतपणाला दुसरी आणि घरी गेल्यावर तिसरी असेल तर तो फायदा असाच मिळेल असं धरून चालता येत नाही. त्यामुळे मिडवाइफ निवडताना 'तुमच्या टीममध्ये किती जणी आहेत आणि बाळंतपणाच्या वेळी त्यांच्यातलीच कोणी असेल का' हे आधी विचारा.

मी मिडवाइफकडे जाऊ शकते की मला डॉक्टरच लागतील, हे कसं ओळखायचं?

हे स्वतः ओळखायचं नाही, तपासून घ्यायचं. साधारणपणे एकच बाळ, डोकं खाली, ३७ आठवडे पूर्ण झालेले, बीपी-शुगर ठीक, आधी सिझर नाही, आधीच्या बाळंतपणात जास्त रक्तस्राव नाही, हृदय-किडनी-रक्ताचा मोठा आजार नाही, वार खाली सरकलेली नाही, असं असेल तर लो रिस्क म्हणतात. यातलं काही जुळत नसेल तर डॉक्टर हवेतच. जुळं, पायाळू, बीपी १४०/९० च्या वर जाणं, इन्सुलिन लागणारी शुगर, वार तोंडावर असणं, यात मिडवाइफ असेल तरी ती डॉक्टरांच्या टीमचा भाग म्हणून.

आणि एक, लो रिस्क हा शिक्का कायमचा नसतो. ३४ व्या आठवड्यापर्यंत सगळं छान आणि ३६ व्या आठवड्यात बीपी वाढलं असं होतं, मग निर्णय बदलायचा. यात तुमचं काही चुकलं असं नाही. एक मुलगी माझ्याकडे रडत आली होती की आता मिडवाइफ सोडावी लागतेय, सगळं ठरवलेलं मोडलं. मी तिला म्हटलं, मोडलं नाहीये गं, तुझ्या मिडवाइफनेच हे पकडलं ना, मग तिने तिचं काम चोख केलंय.

डूला नेमकं करते तरी काय? नुसती हात धरून बसते का?

कधीकधी हो, नुसता हात धरून बसते, आणि कधीकधी तेच लागतं. पण एक उदाहरण सांगते म्हणजे कळेल.

बाळाचं डोकं खाली असलं तरी पाठ आईच्या पाठीकडे असेल तर कळा पोटात कमी आणि कमरेत जास्त येतात, माकडहाडाच्या वर जो सपाट भाग असतो ना अगदी तिथे. आई पाठीवर झोपून असेल तर ते अजून दुखतं. अशा वेळी मी तिला उठवते, पलंगाच्या कडेवर हात टेकवून पुढे वाकायला सांगते किंवा गुडघ्यावर आणते, आणि कळ चढायला लागली की तळहाताचा खालचा जाड भाग त्या सपाट जागेवर ठेवून सरळ आत दाबते. चोळायचं नाही, दाबायचं, आणि कळ उतरेपर्यंत हात हलवायचा नाही. जोर किती ते तीच सांगते, पहिल्या दोन-तीन कळांत 'अजून, अजून' असंच ऐकू येतं, आणि मग माझे दंड थरथरायला लागतात तेव्हा कुठे ती म्हणते 'हां, असंच'. कळ गेली की पाणी, ओठांना ओला कपडा, खांदे खाली सोड म्हणून आठवण, लघवीला जाऊन येऊया का म्हणून विचारणं, कारण भरलेली लघवीची पिशवी बाळाला खाली यायला अडवते आणि त्या गडबडीत हे कोणाच्याच लक्षात राहत नाही. मग पुढची कळ. हे असं कधी चार तास, कधी चौदा.

दुसरं काम म्हणजे समजावून सांगणं. डॉक्टर घाईत काही बोलून गेले तर ते साध्या शब्दांत परत सांगणं, आणि 'तुला काही विचारायचंय का त्यांना' असं म्हणून तिला बोलतं करणं. तिच्या वतीने मी निर्णय घेत नाही आणि डॉक्टरांशी वाद तर घालतच नाही. जी डूला म्हणते मी तुमच्यासाठी हॉस्पिटलशी भांडेन, तिच्यापासून जरा लांबच राहा, कळा सुरू असताना खोलीत भांडण म्हणजे बाळंतिणीला त्रासच.

डूला हा शब्द मूळ ग्रीक, अर्थ सेवा करणारी बाई. डॅना राफेल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७३ मध्ये तो बाळंतपणानंतर आईला सांभाळणाऱ्या बाईसाठी वापरला आणि मग कळांच्या वेळच्या सोबतीलाही तोच चिकटला.

याने खरंच फरक पडतो की मनाचे खेळ आहेत?

फरक पडतो, आणि मन हे काही शरीराच्या बाहेर नसतं. भीती वाटली की अॅड्रेनलिन वाढतं, आणि ते वाढलं की कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनचं काम मंदावू शकतं. घरी छान येणाऱ्या कळा दाखल झाल्याबरोबर थंडावल्या असं कितीतरी जणी सांगतात ते बहुधा यामुळे.

पुरावा बघायचा तर कॉक्रेनचाच २०१७ चा आढावा आहे, २६ चाचण्या, १७ देश, १५ हजारांहून जास्त बायका. सतत सोबत असलेल्यांमध्ये सिझरचं प्रमाण साधारण एक चतुर्थांशाने कमी, कळांचा वेळ सरासरी ४० मिनिटांनी कमी, वेदनेसाठी औषध कमी लागलं, आणि बाळंतपणाचा अनुभव वाईट होता असं म्हणणाऱ्या कमी. बाळाचा पाचव्या मिनिटाचा अपगार स्कोर (जन्मल्यावर श्वास, ठोके, रंग, हालचाल बघून देतात ते गुण) कमी येण्याचं प्रमाणसुद्धा घटलं. आता ४० मिनिटं म्हणजे फार नाही असं वाटेल, पण शेवटच्या टप्प्यातली ४० मिनिटं ज्यांनी काढलीयेत त्यांना विचारा.

याची सुरुवात झाली ती ग्वाटेमालातल्या एका अभ्यासातून, १९८० मध्ये छापून आला होता, जॉन केनेल आणि मार्शल क्लाउस हे दोन बालरोगतज्ज्ञ त्यात होते. एकट्या येणाऱ्या बायकांना एक अनोळखी बाई सोबत दिली, तिला वैद्यकीय शिक्षण वगैरे काही नव्हतं, ती फक्त हात धरायची, पाठ चोळायची, बोलायची. सोबत असलेल्या बायकांच्या कळा लवकर आटोपल्या, आणि मला जे सगळ्यात आवडतं ते म्हणजे बाळ झाल्यावर त्या जास्त वेळ जाग्या राहिल्या, बाळाशी जास्त बोलल्या, त्याच्याकडे बघून जास्त हसल्या.

नवरा असणार आहे सोबत, मग डूला कशाला?

नवरा असावाच, तुम्हाला हवा असेल तर. पण त्याचीही ही बहुधा पहिलीच वेळ असते आणि जिच्यावर जीव आहे ती समोर कळवळतेय हे बघताना तोही आतून हललेला असतो. अशा वेळी त्याला जरा वेळ बाहेर जाऊन डोळे मिटता यावेत, फोन करता यावेत, काय चाललंय ते कोणाला तरी विचारता यावं, याचा उपयोग दोघांना होतो. मी तर बऱ्याचदा मागे राहते आणि त्यालाच दाखवते की हात इथे ठेव, एवढा दाब, आता बोलू नकोस, कळ गेली की बोल.

आणि डूला परवडत नसेल किंवा तुमच्या भागात मिळतच नसेल तर अडून राहू नका. जागतिक आरोग्य संघटना सांगते की प्रत्येक बाळंतिणीला तिच्या पसंतीची सोबत मिळायला हवी, त्यात डूलाच हवी अशी अट नाही. बहीण, मैत्रीण, आई, मावशी, कोणीही चालेल, फक्त दोन गोष्टी बघा. तिने स्वतःच्या बाळंतपणाच्या भयंकर गोष्टी त्या खोलीत काढता कामा नयेत, आणि तुम्ही ओरडलात, रडलात, चिडलात तरी ती घाबरून जाणारी नसावी. आधी दोन-तीनदा तिच्याबरोबर बसून कमरेवर दाब कसा द्यायचा, श्वास कसा मोजायचा याचा सराव करा. आणि हॉस्पिटल लेबर रूममध्ये कोणाला येऊ देतं का, किती जणांना, हे आधीच विचारून ठेवा, काही ठिकाणी एकालाच परवानगी असते मग नवरा की डूला हा प्रश्न दारात उभं राहून सोडवायची वेळ येते.

फक्त डूला घेऊन घरी बाळंतपण केलं तर?

नाही. इथे मला मऊ शब्द वापरायचेच नाहीयेत. बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला तर तो मिनिटांचा खेळ असतो, अर्धा लिटरच्या वर गेला की धोका धरतात आणि तेवढं जायला वेळ लागत नाही. बाळाने श्वास घेतला नाही तर पहिल्या मिनिटातच हालचाल करावी लागते. डूलाकडे यातलं काहीही नसतं, ना औषध ना शिक्षण. जी डूला यासाठी हो म्हणेल ती तुमच्या आणि बाळाच्या जिवाशी खेळतेय.

घरी मिडवाइफबरोबर, ही वेगळी गोष्ट आहे, आणि तीही फक्त जिथे मिडवाइफ नोंदणीकृत आहेत, दोघी येतात, सामान आणतात आणि हॉस्पिटलशी बांधलेली सोय आहे तिथे. इंग्लंडमध्ये लो रिस्क असलेल्या चौसष्ट हजारांवर बायकांचा मोठा अभ्यास २०११ मध्ये आला. दुसऱ्या किंवा पुढच्या बाळासाठी घर आणि हॉस्पिटल यात बाळाच्या धोक्यात लक्षणीय फरक नव्हता. पण पहिल्या बाळासाठी घरी ठरवलेल्यांमध्ये गंभीर त्रासाचं प्रमाण हजारात ९.३ होतं आणि हॉस्पिटलमध्ये ५.३. आणि पहिलटकरणींपैकी ४५ टक्के जणींना घरून हॉस्पिटलमध्ये हलवावं लागलं, म्हणजे जवळजवळ निम्म्या. त्याच अभ्यासात मिडवाइफ चालवत असलेल्या केंद्रांमध्ये मात्र पहिल्या बाळालाही असा वाढीव धोका दिसला नाही. त्यामुळे घरासारखं वातावरण हवंय पण पहिलंच बाळ आहे असं असेल तर असं केंद्र जवळपास आहे का ते आधी शोधा, आणि तिथून हॉस्पिटलला पोचायला किती वेळ लागतो तो गाडीत बसून प्रत्यक्ष मोजा.

मिडवाइफकडे असताना मध्येच गडबड झाली तर काय होतं?

मिडवाइफ डॉक्टरांना बोलावते किंवा तुम्हाला हलवते. बाळाचे ठोके ती कळांच्या काळात दर १५ ते ३० मिनिटांनी ऐकते, आणि जोर द्यायचा टप्पा आला की दर ५ मिनिटांनी. मिनिटाला ११० ते १६० हे नॉर्मल. त्याच्या खाली-वर राहायला लागले, पाणी हिरवट आलं, ताप आला, रक्त जायला लागलं, बीपी चढलं, तोंड उघडायचं थांबलं, की निर्णय होतो. बऱ्याचदा हलवायचं कारण इतकं भीतीदायक नसतं, पहिलटकरीण दमते, कळा मंदावतात, किंवा तिला एपिड्यूरल हवं असतं.

इथे बघायचं ते एवढंच की मिडवाइफ आणि डॉक्टर एकमेकांना ओळखतात का. जिथे ते एकाच छताखाली काम करतात तिथे पाच मिनिटांत डॉक्टर येतात आणि मिडवाइफ खोलीतच राहते, बाळंतिणीला वाटतच नाही की आपल्याला कोणी सोडून गेलं. जिथे दोघांचं पटत नाही तिथे फाइल हातात देऊन पाठवणी होते आणि सगळं पहिल्यापासून सांगत बसावं लागतं.

मला एपिड्यूरल घ्यायचंच आहे. मग डूला घेऊन काय उपयोग, तिला राग नाही येणार?

राग येत असेल तर ती चुकीची डूला आहे. एपिड्यूरल भूलतज्ज्ञ देतात आणि ते द्यायच्या आधी बरेच तास कळा सोसाव्या लागू शकतात, ते तास कसे काढायचे? आणि दिल्यावरही कूस बदलायला, पायांमध्ये उशी ठेवायला, जोर कधी द्यायचा ते कळायला मदत लागतेच. वेदना थांबली म्हणून भीती थांबते असं नाही.

सिझरच ठरलंय माझं.

मग डॉक्टर तर आहेतच. ऑपरेशन थिएटरमध्ये सोबत कोणाला घेतात ते विचारा. डूलाचा उपयोग इथे नंतर जास्त होतो, उठून बसताना टाक्यांवर हात कसा धरायचा, बाळाला कुशीत घेऊन आडवं पडून दूध कसं पाजायचं, आणि 'मला नॉर्मल जमलं नाही' असं मनात येत असेल तर ते ऐकून घ्यायला. तुमचं बाळंतपण झालंय, पूर्ण झालंय, पोट कापून झालं म्हणून ते कमी होत नाही.

पहिल्या भेटीत कोणाला काय विचारू?

डॉक्टरांना: माझ्या बाळंतपणाला तुम्ही नसाल तर कोण असेल आणि मी त्यांना आधी भेटू शकते का. कळा सुरू असताना मी चालू-फिरू शकते का. चीर सगळ्यांनाच देता की गरज असेल तरच (सरसकट चीर देऊ नये असं आता मार्गदर्शक सूचनाही सांगतात). बाळ झाल्यावर नाळ लगेच कापता की थांबता, कारण बाळ ठीक असेल तर किमान एक मिनिट थांबणं चांगलं मानतात.

मिडवाइफला: नोंदणी, शेवटच्या वर्षात साधारण किती बाळंतपणं, त्यातल्या किती जणींना पुढे पाठवावं लागलं. 'एकीलाही नाही' असं उत्तर आलं तर मला तरी ते खटकेल. रक्तस्रावाचं औषध जवळ असतं का, बाळाला श्वास द्यायचा सराव शेवटचा कधी केला.

डूलाला: माझ्या वेळी तुम्ही दुसरीकडे अडकलात तर बदली कोण. कळा सुरू झाल्यावर किती वेळात याल. मी सिझर निवडलं, एपिड्यूरल निवडलं, तर तुम्हाला कसं वाटेल. आणि मग गप्प बसून तिचा चेहरा बघा. डोकं सांगत असेल की ट्रेनिंग उत्तम आहे पण तिच्यासमोर रडायची कल्पनासुद्धा करवत नसेल, तर दुसरी बघा.

हे सगळं कधी ठरवायचं? आता आठवा लागलाय, उशीर झाला का?

डॉक्टर किंवा मिडवाइफ जितक्या लवकर तितकं चांगलं, कारण सुरुवातीच्या तपासण्यांवरच रिस्क ठरते. डूला चौथ्या-पाचव्या महिन्यापासून बघायला लागलात तर निवांत भेटीगाठी होतात, पण आठव्यातही मिळते, मी तर ३९ व्या आठवड्यात आलेल्या बायकांबरोबरही गेलेय. डॉक्टर बदलायचे असतील तर सगळे रिपोर्ट मागून घ्या, ते तुमचेच आहेत, त्यात वाईट वाटून घ्यायचं किंवा माफी मागायचं कारण नाही.

कोणाला आधी फोन करायचा, डूलाला की हॉस्पिटलला?

नुसत्या कळा असतील, नियमित होतायत की नाही असा प्रश्न असेल तर डूलाला करा, ती ऐकून घेईल, तुमच्या बोलण्यात कळ मध्येच येऊन वाक्य तुटतंय का ते बघेल. पण रक्त जातंय, बाळाची हालचाल कमी वाटतेय, पाणी हिरवट किंवा तपकिरी आलंय, डोकं खूप दुखतंय आणि डोळ्यांपुढे चमकतंय, ताप आहे, ३७ आठवड्यांच्या आत कळा किंवा पाणी सुरू झालंय, तर डूलाला नाही, थेट डॉक्टर किंवा मिडवाइफ, आणि निघायचंच. नाळेचा तुकडा खाली हाताला लागला किंवा दिसला तर लगेच अॅम्ब्युलन्स, गुडघ्यांवर आणि कोपरांवर ओणवं व्हायचं, डोकं खाली कंबर वर, आणि नाळेला हात लावायचा नाही.

तुम्ही स्वतः दुसऱ्या वेळी काय केलंत?

डॉक्टर त्याच ठेवल्या, माझा त्यांच्यावर विश्वास होता आणि अजून आहे. फक्त या वेळी आधीच विचारलं की तुम्ही कधी असाल, आणि त्यांनी सरळ सांगितलं की शेवटी असेन, मध्ये फोनवर असेन. तिथे मिडवाइफची सोय होती ती घेतली, आणि उशाशी माझी मोठी बहीण.

पहाटे तीनच्या सुमाराला मला वाटलं आता नाही होत माझ्याच्याने, आणि मी तसं म्हटलंही. बहिणीने 'होईल गं' वगैरे काही म्हटलं नाही. तिने माझ्या कपाळावरचे केस मागे केले, हात पोटावर ठेवला, कळ चढून उतरेपर्यंत तसाच ठेवला आणि म्हणाली, 'ही गेली. ही आता परत येणार नाही.' पुढच्या प्रत्येक कळेनंतर ती तेवढंच म्हणत राहिली, साडेपाचला बाळ होईपर्यंत.